लागत एकदाच जिंकला

धावपटू लागत जन्मभर सगळ्यांच्या पुढे पळला, पण जिंकला कधीच नाही. त्याचं कामच ते होतं. मोठ्या शर्यतीत अर्ध्या वाटेपर्यंत इतरांना वेग धरून द्यायचा आणि मग मुकाट बाजूला व्हायचं. केनियातल्या त्याच्या इटेन गावात जिंकून आलेल्याला वेशीवरच तुंब्यातलं आंबट दूध पाजतात. लागतला कोणी साधं पाणीही विचारलं नाही. त्याची बायको तेक्ला याचा अजून राग धरून होती.

पन्नाशीत त्याचं हृदय भलतंच धडधडायला लागलं. नैरोबीत डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून नळी घालून आतली बिघडलेली जागा डागली. घरी परतला तर काय, अख्खं गाव वेशीवर! गाणी, गवताचा हार आणि चक्क तुंबा. लागत दूध प्याला आणि पोरासारखा रडला. रविवारी चर्चमध्ये उभा राहून म्हणाला, "मी ठणठणीत बरा झालो!"

झालं, तिथेच घात झाला. महिन्याभरात छाती पुन्हा उड्या मारू लागली, पण हा बाबा कोणाला सांगेल तर शपथ! वर रक्त पातळ ठेवायची गोळीही बंद केली. तेक्लाला पाकिटं गोठ्यात चाऱ्याखाली सापडली.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"हळू बोल. बऱ्या माणसाला गोळ्या कशाला, असं विचारतील लोक."

"विचारू देत! तुमच्या मयतालाही हार घेऊन येतील मेले."

"अगं, आयुष्यात एकदाच जिंकलो गं मी. तेवढं तरी राहू दे."

तरी तेक्लाने डॉक्टरांना फोन लावलाच आणि आवाज मोठा करून त्याच्यासमोर ठेवला. तो चहाचा कप धरून तोंड पाडून बसला.

डॉक्टर हसले. "धडधडच ना? पहिले दोन-तीन महिने हृदय असं बिथरतं. म्हणजे उपचार फसला असं नाही. पुष्कळांचं आपोआप थांबतं, नाहीतर पुन्हा डागता येतं. फक्त गोळी चुकवू नका, नाहीतर रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगाचा झटका येतो. घेताय ना?"

ऐकून लागत खुलला. हसत हसत त्याने चहाचा घोट घेतला. चहा ओठाच्या एका कडेने शर्टावर ओघळला, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"लागत, गोळी घेताय ना?"

त्याने बोलायला तोंड उघडलं. शब्द काही आला नाही.