दुबई किती लांब

“वैनी, पोरगी कवा पोचंल? थांबायचं असंल तर शेवगावातून बर्फ आनतो,” दिरांनी विचारलं. अंगणात गाव बसलेलं. पहाटेच गेलेला माझा नवरा ओसरीत घोंगडीवर निजवलेला. मी म्हणाले, दोन दिवस लागतील.

खोटं होतं ते. आजवर कुणापाशी बोलले नाही.

सुरेखा, माझी एकुलती मुलगी, दुबईच्या दवाखान्यात नर्स आहे. तिचा फोन नुकताच येऊन गेला होता. तिकीट मिळालं होतं. दुबई ते मुंबई विमान तीन तासांचं, पुढे गाडी — रात्री जेवणवेळेला दारात येते म्हणाली. “आई, तेवढं नानांना ठेवा. मला तोंड बघू द्या.” मी हो म्हणाले होते.

गावाला काय ठाऊक? आमच्याकडे परदेश म्हणजे एकच. गावातला एक मुलगा अमेरिकेहून आला, त्याला दोन दिवस लागले; तेव्हापासून कुठूनही यायचं तर दोन दिवस. एक शेजारीण तेवढी पुटपुटली, “दोन दिस? इमान हाय का बैलगाडी?” कुणी हसलं नाही. प्रेत उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही. दोन दिवस पोरंबाळं उपाशी कशी ठेवायची? दीर म्हणाले, मग उरकून घेऊ.

का केलं मी? लोकांच्या चुलीसाठी? नाही.

नवरा रोज संध्याकाळी तिच्याशी तासभर बोलायचा. हसायचासुद्धा. फोन ठेवला की मला एवढंच — चहा टाक. चाळीस वर्षं त्या माणसाचं केलं, शेवटी हगणं-मुतणंही काढलं. आणि आता ती येणार, त्याच्या छातीवर पडणार, गाव म्हणणार, बापाची लाडकी. मला ते बघायचं नव्हतं. एवढंच. दुसरं काही कारण असतं तर सांगितलं असतं.

दुपारी पुतण्यानं अग्नी दिला. ती तेव्हा विमानात होती. मुंबईत उतरून तिनं फोन केला — मी उचलला नाही.

सांगितल्या वेळेला आली. ओसरीत नुसता दिवा. “नाना?” म्हणाली. मी म्हणाले, गावानं थांबू दिलं नाही. हे दुसरं खोटं. तेव्हापासून ती काकांच्या हातचं पाणी घेत नाही. दीर म्हणतात, पोरगी परदेशात जाऊन माजली. ती सुट्टीला आली की दोघांच्या मध्ये मी बसते. गप्प बसते.

त्या दिवशी बॅग दारातच टाकून ती स्मशानात गेली. राख अजून गरम होती म्हणे. तिथे बसून राहिली सुरेखा. बरोबर कुणी नव्हतं. मी घरात होते.