नारळावरची शपथ

परवा देवळात कुणीतरी नारळ फोडला आणि त्या ओल्या, गोडसर वासासरशी माझी सरपंचपदाची निवडणूक आठवली. माझ्याविरुद्ध उभी होती शाळेपासूनची मैत्रीण सुलभा. मी घरोघर देवाचा नारळ नेऊन लोकांना त्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावत होते. एकदा शपथ घेतली की मत कुठे जाणार?

प्रचाराच्या शेवटच्या सकाळी सुलभाने गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं.

"बा देवा म्हाराजा, ज्येंनी नारळाक हात लावलो आसा, त्येंका शपथेतून मोकळे कर. मत ज्येच्या त्येच्या मनान पडांदे."

"होय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं. सवयीने मीही म्हणाले. शेजारच्या काकींनी सुस्कारा सोडला, "बरां झालां गो, छातीवरचां वझां उतारलां." हात जोडून उभी असलेली सुलभा इतकी शांत दिसत होती की मला तिचा रागच आला.

निवडून मीच आले, तेही शपथ सुटल्यावर. तरी तिचा हेवा अजून जात नाही. काकी वाटेत भेटल्या की मला नमस्कार करतात, आणि सुलभाला घरात बोलावतात.