विहिणीच्या घरचा पाहुणा

पंचवटीतली ती खोली अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत फौजदार झालो. पाठीशी कोणाची शिफारस नव्हती. खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतर राहून राहून आठवते ती ही साधी 'मिसिंग'ची तक्रार.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. दिंडोरीकडचा एक तरुण शेतकरी वडील हरवल्याची तक्रार घेऊन आला. वडिलांना विसरण्याचा आजार जडला होता आणि गावातल्या कोणीतरी त्यांना नाशिकच्या एसटीत बसताना पाहिले होते. आम्ही फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवले, स्टँडवरचे कॅमेरे तपासले. हाती काही लागले नाही.

मग रिक्षा स्टँडवरचा माझा खबऱ्या हसत म्हणाला, "साहेब, फुलवाल्या मावशीनं म्हातारा पाळलाय. बाहेरून कुलूप घालून धंद्याला जाते."

पंच आणि तक्रारदार मुलाला घेऊन गेलो. कुलूप खरेच होते. बाईला बोलावून दार उघडायला लावले. आत म्हातारा धुतलेल्या धोतर-टोपीत बसलेला, शेजारी जेवणाचे ताट, मांडीवर कापडी पिशवी. मुलाने बाईला पाहिले आणि आवाज चढवला. हिला जमिनीच्या कागदावर अंगठा हवाय, म्हणाला. ती त्याची पहिली सासू निघाली. तिची मुलगी लग्नानंतर वर्षभरातच डेंग्यूने गेली होती. मुलाने पुढे दुसरे लग्न केले आणि दोन्ही घरांचे येणेजाणे तुटले.

तिघांनाही ठाण्यात आणले, बाईशेजारी महिला अंमलदार बसवली. माझ्या मते चौकशी हा सौदाच असतो. समोरच्याला काय हवे आहे ते कळले की अर्धे काम झाले. पण या बाईला काय हवे होते तेच कळेना. जमीन नको, पैसा नको, जुने भांडणही नाही. माझे डोके फिरले. टेबलावर हात आपटून म्हणालो, माणूस कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे, आत जाशील.

"कुलूप नाय घातलं तर निघून जातात, साहेब. गंगेवर, गोदेच्या घाटावर वाट चुकले म्हणजे?"

मग मुलाला का कळवले नाही, या प्रश्नावर तिने बाकावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिले.

उलगडा झाला तो त्याच्यामुळेच. तो पुढे वाकून तिला म्हणाला, "विहीणबाई, आवरलं का पोरीचं? गाडी जाईल ना." पिशवीत कोरी साडी आणि खोबऱ्याची वाटी होती.

आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि सण सरला की सासरचे माणूस न्यायला येते. सून गेली हे म्हातारा विसरला होता. तिला आणायला जायचे असते, हे विसरला नव्हता.

"मैत्रिणीकडं गेलीय, येईल इतक्यात. बसा तुम्ही," बाई सहज बोलली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "रोज विचारतात. तिचं नाव घेणारं दुसरं कोणी राहिलं नाय, साहेब. थोडे दिवस राहू द्या त्यांना."

मुलगा वाईट नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "घरी माझ्या बायकोला रोज विचारतात, तू कोण, आमची सून कुठंय. तिनं किती सोसायचं?" म्हणून त्याने घरात पहिलीचे नाव काढणेच बंद केले होते.

मी सौदा मांडला. म्हाताऱ्याला अधूनमधून इकडे धाड, तुझ्या बायकोलाही उसंत मिळेल. तो तयार होईना. बापाला विहिणीकडे ठेवला म्हणून गाव हसेल, एवढेच धरून बसला. मी चिडलो, ओरडलो. पण हक्क त्याचा होता. वडिलांचा ताबा त्याला दिला.

गाडीत बसताना म्हातारा थांबला. "विहीणबाई, सण झाला. आता ठेवून घेऊ नका, मागून धाडा पोरीला."

"धाडते," ती म्हणाली आणि पदर सारखा केला.

बाईवर गुन्हा का नोंदवला नाही, म्हणून वरिष्ठांनी मला मेमो दिला. त्या वर्षी माझी बढती अडली. ज्यांनी आयुष्यात एक बंद दार उघडले नाही, त्यांनी मला कायदा शिकवावा, हा राग अजून गेलेला नाही.

व्याही-विहिणीच्या नात्याची आपण लग्नात थट्टा करतो, मानपानावरून भांडतो. मुलगी गेली की ते नातेही गेले, असेच मी समजत होतो. एकाच मुलीमागे दोन म्हातारी माणसे उरतात, हे त्या दिवशी ठाण्यात पाहिले.

पावसाळ्यानंतर ती बाई एकदा ठाण्यात आली. व्याही पुन्हा हरवले तर तिला कळवाल का, एवढेच विचारायला. मी म्हणालो, नियमाने आधी नातेवाइकांना कळवावे लागते.

"मग मी कोण, साहेब?"

सौद्यात शेवटचा शब्द मी कधी कोणाला बोलू दिला नाही. त्या दिवशी तो तिचा राहिला.