दहाव्या गाण्याचा कोपरा

या सदरातले अनुभव मी वाचते ते बहुतेक वेळा चिडूनच. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... सांगणाऱ्याला त्या दिवशी ताप होता का, हे कुणी विचारत नाही. माझा धंदा दिव्यांचा आहे. भूत कसं करायचं ते मला ठाऊक आहे — थोडा धूर, खालून निळा उजेड आणि मागे एक माणूस गप्प उभा. सगळं भाड्याने मिळतं. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसले आहे याचा मला संताप येतोय. पण सहा महिने झाले, डोक्यातून जात नाही.

माझं गोडाऊन सोमाटणे फाट्याजवळ आहे. लग्नाच्या मांडवाला माळा लावण्यापासून सुरुवात केली. आज स्वतःचे दिवे आहेत, स्वतःची एलईडी वॉल — व्हिडिओचा मोठा पडदा — आहे, आणि ज्या टेबलावरून हे सगळं चालतं तो कन्सोलही स्वतःचा आहे. गाण्याच्या कार्यक्रमांच्या लाईटचं आणि व्हिडिओचं डिझाईन मी स्वतः करते. कुठे शिकले? कुठेच नाही. बघून, आणि शॉक खाऊन.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यक्रमाचं डिझाईन मी केलं. कोणत्या गाण्याला कोणता रंग, वॉलवर काय, अंधार कधी... सगळं माझ्या वहीत आहे. पहिल्या प्रयोगाला वॉलवर शेवटची, नावांची पाटी आली तर ‘प्रकाश व दृश्य संकल्पना’ म्हणून मुंबईच्या एका सरांचं नाव. माझं नाव खाली, जनरेटरवाल्याच्या वर — ‘साहित्य पुरवठा’. ते सर तालमीला एकदा आले होते, चहा पिऊन गेले होते. मी फोन केला तर म्हणाले, “ताई, आयडिया हवेत असतात. कुणीतरी पकडतं.” चोर म्हटलं मी त्यांना, फोनवरच. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत आले आहे.

तर गेल्या भाद्रपदात एका नावाजलेल्या गायिकेचा छोटा दौरा ठरत होता. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात, मीही तेच लिहिते. पाच गावं, पहिला प्रयोग लोणावळ्यात. अट एकच — सगळं सामान एका टेम्पोत मावलं पाहिजे, दोन तासांत उभं राहिलं पाहिजे. असं काम मला आवडतं. शंभर दिवे असले की कुणीही डिझायनर होतो. मी सोळा दिवे काढले, त्यातले चार फिरणारे, म्हणजे टांगल्या जागी राहून झोत हवा तिथे वळवणारे, मागे दहा बाय सहा फुटांची वॉल. भाव बाईंच्या मॅनेजरने पाडायच्या आधी मीच पाडला आणि म्हटलं, “बदल्यात पाटीवर नाव माझं. संकल्पना म्हणून.”

मॅनेजर पुण्याचा, गोड बोलणारा. म्हणाला, “बाईंना ट्रायल दाखवा. आवडली तर नाव तुमचं. नाहीतर डिझाईनला मुंबईचे सर आहेतच, तुम्ही सामान द्या.”

सर म्हणजे तेच सर! मी फोन भिंतीवर मारायची बाकी होते.

ट्रायलसाठी मी कामशेत-पवनानगर रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय घेतलं. पितृपंधरवडा चालू होता. लग्न नाही, साखरपुडा नाही, कुत्रं फिरकत नव्हतं. मालकाला म्हटलं, “रिकामं ठेवून काय पूजा करणार का?” अर्ध्या भावात मिळालं.

सकाळी नऊला दिवे टांगून झाले. गायिका नसताना तिच्या जागी कुणालातरी उभं करून दिवे तिच्या तोंडावर लावून घ्यायचे, याला आम्ही फोकस म्हणतो. बाई बुटक्या, माझी माणसं ताडमाड. म्हणून कार्यालयाची झाडलोट बघणाऱ्या हौसामावशींना मी स्टेजच्या मध्यावर, चिकटपट्टीच्या फुलीवर उभं केलं.

“फोटू काढताय व्हय? पदर नीट घिऊ का?”

“फोटो नाही मावशी, नुसतं उभं राहायचं.”

“नुसतं उभं ऱ्हायाचं? आन् त्याची मजुरी देनार? माज्या नवऱ्याला बोलवा, त्यो जलमभर त्येच करतोय.”

माझा ऑपरेटर नितीन हसत सुटला. नितीन लोणावळ्याचा, आठ वर्षं माझ्याकडे आहे, कन्सोल तोच चालवतो. मावशी मात्र हसत नव्हत्या. “पन बाई, पंधरवड्यात कोन नवं काम काढतं का?”

“तुमच्या मालकांनी हॉल दिलाच ना?”

“त्येचं काय घिऊन बसलात! त्यो आवसंलाबी लगीन लावंल.”

चारही फिरणारे दिवे मावशींच्या चेहऱ्यावर आणून आम्ही ती जागा कन्सोलमध्ये ‘मध्य’ म्हणून साठवली. एकदा साठवली की प्रत्येक गाण्यात तेच बटण — दिवे आपोआप तिथे जातात. पहिल्या, चौथ्या आणि दहाव्या गाण्यात मी ‘मध्य’ वापरलं होतं. दहावं गाणं म्हणजे जात्यावरच्या ओव्या. वॉलवर जात्यातून पडणारं पीठ, मीच शूट केलेलं. बाई मध्ये उभ्या, चार दिवे त्यांच्यावर. आणि ओव्या संपल्या की वॉल हळूच काळी.

अकरा वाजता बाईंच्या तालमीचं रेकॉर्डिंग लावून आम्ही सगळं एकदा चालवलं. पहिलं गाणं बरोबर. चौथं बरोबर. दहावं सुरू झालं आणि चारही दिवे मध्यावरून निघाले... सावकाश, एका वेगाने... आणि स्टेजच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबले. तेही खाली, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर. तिथे कुणी नाही, काही नाही. आणि शेवटच्या दोन ओव्या शिल्लक असतानाच वॉल काळी झाली.

“नितीन, झोपलास का?”

“ताई, मी हातही लावला नाही. बघा — स्क्रीनवर ‘मध्य’च आहे.”

खरंच ‘मध्य’ होतं. आकडेही सकाळचेच. पुन्हा चालवलं. पहिलं बरोबर, चौथं बरोबर, दहाव्याला दिवे कोपऱ्यात. केबल बदलल्या. दहावं गाणं पुसून मी स्वतःच्या हाताने नव्याने भरलं. पुन्हा कोपरा! तोच वेग, तीच उंची, वॉल त्याच ओवीला काळी.

इथे माझं डोकं फिरलं. मनात एकच माणूस आला. मी नितीनला म्हटलं, “किती दिले रे तुला मुंबईच्या सरांनी?”

तो बघतच राहिला. “आठ वर्षं झाली, ताई.”

“म्हणूनच तुझा भाव जास्त असेल.”

तो बाहेर जाऊन टेम्पोत बसला. मी कन्सोलला नवा पासवर्ड टाकला, जो फक्त मला माहीत, आणि समोर खुर्ची टाकून एकटीने दहावं गाणं चालवलं. दिवे मध्यावरून निघाले आणि कोपऱ्यात जाऊन बसले. मी त्या दिव्यांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मोठ्याने. मावशी दारात झाडू घेऊन उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

टेम्पोपाशी जाऊन नितीनला “चल, जेवून घे,” म्हटलं. माफी मला मागता येत नाही, त्याला ते माहीत आहे. तो आला.

चारला बाई येणार होत्या. मी ठरवलं, दहाव्या गाण्याला फिरणारे दिवे वापरायचेच नाहीत. पुढचे साधे दोन लावू. दिवे मेन स्विचवरूनच बंद केले असते, पण पुन्हा चालू केले की मिनिटभर गरगरतात, आणि अकराव्या गाण्यात ते लागणार होते. म्हणून नितीनला सांगितलं, “दहाव्याला चारही फिरणाऱ्या दिव्यांचा फेडर शून्यावर ठेव आणि बोट त्याच्यावर दाबून धर.” फेडर शून्यावर म्हणजे दिवा कुठेही वळला तरी उजेड नाही.

बाई आल्या. गुडघा दुखत होता, स्टेजच्या तीन पायऱ्या चढायला मॅनेजरचा हात धरला. साथीला एक पेटी आणि एक तबला. नऊ गाणी त्या मध्यावरच उभ्या राहून गायल्या. माझं काम चोख चाललं होतं. मॅनेजर मान डोलवत होता, एकदा मागे वळून अंगठाही दाखवला. मी मनात पाटीवरचं माझं नाव वाचत होते.

दहावं सुरू झालं. साधे दोन दिवे लागले. मी नितीनच्या खांद्यामागे उभी राहून त्याच्या बोटाकडे बघत होते. फेडर शून्यावर, बोट त्यावर.

पहिली ओवी संपली आणि बाईंनी माईक स्टँडवरून काढला. चालायला लागल्या. ठरलेलं नव्हतं! मध्य सोडून, गुडघा सांभाळत, पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे गेल्या आणि स्टेजच्या कडेला पाय खाली सोडून बसल्या. माहेरी आलेली बाई ओट्यावर बसते तशा.

आणि ते चार दिवे त्यांच्या चेहऱ्यावर होते.

आधीपासून होते की तेव्हा लागले, हे नितीनलाही सांगता येत नाही. त्याचं बोट हललं नव्हतं. फेडर शून्यावर होता. हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. उजेड इतका नेमका, की बसलेल्या बाईंच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत, पुढे जमिनीवर सांडलेला नाही. शेवटच्या दोन ओव्यांना त्यांनी माईक बाजूला ठेवला आणि नुसत्या तोंडाने, अगदी हळू गायल्या. त्याच क्षणी वॉल काळी झाली. बरोबर तिथेच. माझ्या डिझाईनमध्ये तिथे पीठ पडत राहणार होतं. पीठ पडत राहिलं असतं तर कुणाचं लक्ष त्या आवाजाकडे गेलंच नसतं... हे मला तेव्हा कळलं, आणि जिव्हारी लागलं.

गाणं संपलं. पेटीवाला डोळे पुसत होता. बाई तिथूनच म्हणाल्या, “मी इथे बसणार हे तुम्हाला कुणी सांगितलं? गुडघा बोलायला लागला तेव्हा मला सुचलं. दोन मिनिटांपूर्वी.”

मॅनेजर धावत आला. “ताई, हे... हे तुमचं आहे?”

माझ्याकडे बोलायला वेळ होता. भरपूर होता. नितीन माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “हो. माझंच डिझाईन आहे.”

“मग विषय संपला. पाटीवर नाव तुमचं. मुंबईला फोनच करत नाही.”

सामान आवरताना हौसामावशी जवळ आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, “सकाळधरनं बोंबलत व्हतात की बाई, दिवं माजं ऐकत न्हाईत म्हनून. शिव्या घातल्यात. आन् आता माजं म्हनता व्हय?”

“तुम्हाला त्यातलं काय कळतं, मावशी?”

“मला काय कळनार! मी आपली नुसतं उभं ऱ्हानारी.” आणि झाडू मारत निघून गेल्या.

नंतर मी चौकशी केली. कार्यालय सहा वर्षांपूर्वीचं. आधी तिथे भाताचं खाचर होतं. कुणी मेलेलं नाही, कुणी गाणारं नव्हतं. कन्सोल कंपनीच्या माणसाला दाखवला, त्याला दोष सापडला नाही. दिवे उघडून पाहिले. पासवर्ड आजही माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. नितीन म्हणतो, “ग्लिच असेल, ताई.” मी विचारलं, ग्लिचला ओवी कळते का?

त्यानंतर असं एकदाही झालं नाही. पाचही प्रयोगांत दिवे मी सांगितलं तिथेच गेले. दहाव्या गाण्याला आता आम्ही हाताने कोपरा लावतो, वॉल दोन ओव्या आधी काळी करतो. लोक टाळ्या वाजवतात. तरी उजेड थोडा जमिनीवर सांडतोच. किती वेळा फोकस केला, तसा बसत नाही.

आणि शेवटी पाटी येते. ‘प्रकाश व दृश्य संकल्पना’, खाली माझं नाव, एकटीचं, मोठ्या अक्षरात. लोणावळ्याला पहिल्यांदा आली तेव्हा माझी माणसं शिट्ट्या मारत होती. मी कन्सोलमागे उभी होते आणि मला कुणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं. ज्याचं कुणाचं ते काम आहे त्याने समोर यावं, हिशेब मागावा, मला चार शब्द सुनवावेत... मी घासाघीस करणार नाही. पण कुणी येत नाही.

गेल्या महिन्यात तळेगावच्या एका लग्नात ते मुंबईचे सर दिसले. हसून हात वर केला. दोन वर्षं घोकून ठेवलेला ‘चोर’ हा शब्द माझ्या तोंडात आला, आणि मी तो म्हणू शकले नाही. पहिल्यांदाच. ताट हातात घेऊन दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले. त्या चार दिव्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.