सैतान म्हणजे काहीच नाही

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर सैतान शिकवला. नगरच्या एका धर्मविद्यालयात, पुढे पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू होणाऱ्या मुलांना ते सुरुवातीच्या ख्रिस्ती काळाचा इतिहास शिकवायचे, आणि त्या काळच्या विचारवंतांनी वाईटाचा उगम कुठे शोधला हा त्यांचा हातखंडा विषय. मी पुण्याच्या हिंदू घरातली. आमच्याकडे राक्षस होते. त्यांना सुळे असतात, ते लांबून ओळखू येतात. सासऱ्यांचा, म्हणजे पप्पांचा, सैतान असा दिसणारा नव्हता, त्यामुळे लग्नानंतर बरीच वर्षं मला तो अगदीच पुचाट वाटायचा.

सासूबाई गेल्या आणि नवऱ्याने पप्पांना इकडे शारजाला आणलं. तो हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांच्या फॅक्टरीत प्रॉडक्शन मॅनेजर आहे. वडिलांना वेगळी खोली दिली, नवी गादी घेतली, व्हिसासाठी खेटे घातले. ओळखीतल्या बायका मला म्हणायच्या, असा मुलगा हल्ली कुठे मिळतो. मीही मान डोलवायचे.

आल्या आल्याच एकदा जेवताना माझ्या मुलीने विचारलं, "आजोबा, इज द डेव्हिल रिअल?"

पप्पांनी पायातला मोजा काढला. अंगठ्याशी फाटला होता. त्यांनी भोकातून बोट बाहेर काढून दाखवलं.

"हे काय आहे?"

"अ होल. इयू, आजोबा."

"दुकानात नुसतं भोक विकत मिळतं का?"

ती हसायला लागली. मग त्यांनी सांगितलं, की फार पूर्वी उत्तर आफ्रिकेत एक बिशप होऊन गेला. तरुणपणी तो अशा लोकांच्या नादी लागला होता, ज्यांच्या मते जगात दोन राजे आहेत, एक उजेडाचा, एक अंधाराचा, आणि त्यांची लढाई चालू आहे. पुढे त्याच्या लक्षात आलं, की अंधाराला राजाच नाही. देवाने वाईट असं काही घडवलेलंच नाही. जिथे चांगलं असायला हवं होतं आणि नाही, ती जागा म्हणजे वाईट. सैतानसुद्धा मुळात चांगला देवदूत, त्याने फक्त तोंड फिरवलं.

"सो ही इज नथिंग?"

"काहीच नाही. पण पाय उघडा पडतोच ना."

नवरा मान खाली घालून जेवत होता. त्याने पुढ्यातली आमटी संपवली आणि तो उठून गेला.

त्याची रीत माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण पकडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तो पप्पांवर कधी ओरडला नाही. पप्पांनी काही विचारलं, की तो मला म्हणायचा, "त्यांना सांग, बघतो." रविवारी उपासनेला न्यायचं, तर या आठवड्यात शिफ्ट. कानातल्या यंत्राचे सेल संपले, तर विसरलो. म्हातारा माणूस घरात बहिरा होऊन बसला, टीव्हीवरची हलणारी तोंडं बघत. शेवटी मीच फार्मसीतून सेल आणले. तेव्हा नवऱ्याने माझ्याशी बोलणं बंद केलं. चहा घेत होता, गुड नाइट म्हणत नव्हता. आठवडाभर मी माझ्याच घरात स्टुलासारखी वावरले.

आठवडा सरल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार लावून विचारलं, "बाप आहे तो तुझा. काय केलंय त्यांनी तुला?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "एकदासुद्धा हात उगारला नाही माझ्यावर."

मग त्याने सांगितलं. नववीच्या सुट्टीत तो पप्पांना म्हणाला होता, मला पाळक व्हायचं नाही. त्यानंतर दहावीचं अख्खं वर्ष पप्पा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. फी भरली, सायकल दुरुस्त करून आणली, ताटात पोळी वाढली. बोलले मात्र नाहीत. निकाल लागला तेव्हा याने मार्कशीट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. पप्पांनी तिच्या खालचा पेपर ओढून घेतला आणि वाचत बसले.

"मी सेम तेच करतोय," नवरा म्हणाला. "यात चुकीचं काय आहे, ते त्यांनाच विचार. एक्सपर्ट आहेत."

मला नवऱ्याची कीव आली आणि रागही आला.

पप्पांना इथे एकच गोष्ट हवी होती. इथून जवळच, उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर फार जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडलेत, हे त्यांनी वाचलं होतं. चर्च, संन्याशांच्या खोल्या, भाकरी भाजायची भट्टी. "ज्यांच्याबद्दल मी जन्मभर बोललो, ते इथे राहत होते," असं ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. "एकदा तिथे उभं राहायचंय." दर शनिवारी ते आंघोळ करून, बूट घालून बसायचे. दर शनिवारी नवरा म्हणायचा, "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला."

मग त्याने ठरवलं, की पप्पांना नगरजवळच्या वृद्धाश्रमात पाठवायचं. तिकीट काढलं. आणि निघण्याआधीच्या शनिवारी आपणहून म्हणाला, "चला, दाखवतो तुमचं बेट."

आम्ही चौघे गेलो. खारफुटी, उथळ पाणी, पलीकडे जमिनीची एक बुटकी पट्टी. नवऱ्याने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं.

"ते काय समोर. बघितलं? यल्ला, निघू या."

"तिकडे जाता येत नाही?" पप्पांनी विचारलं.

"माहीत नाही."

"चौकशी केली नाहीस?"

"नाही."

पप्पांना तेव्हा सगळं कळलं. ते काचेला नाक लावून बसले. मग समोर बघतच बोलायला लागले. अलेक्झांड्रियात एक गुरू होता. त्याला वाटायचं, शेवटी सगळेच देवाकडे परत येतील, कदाचित सैतानसुद्धा. पुढे मंडळीने, म्हणजे चर्चने, त्याची ही शिकवण चूक ठरवून टाकून दिली. "मीही वर्गात त्याला खोडून काढायचो," पप्पा म्हणाले. "आता वाटतं, त्याचं खरं असावं."

"पप्पा, सैतानाचं नको," नवरा म्हणाला. "माझ्या दहावीचं बोला."

त्याचा आवाज चौदा-पंधरा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. मी मागच्या सीटवरून म्हाताऱ्याची हनुवटी हललेली पाहिली. या माणसाला ग्रीक येत होतं, लॅटिन येत होतं. चुकलं, एवढा एक शब्द मराठीत म्हणायचा होता. म्हटला असता तर ते तिकीट रद्द झालं असतं, याची मला आजही खात्री आहे.

"मी तुला कधी मारलं नाही," पप्पा म्हणाले.

नवऱ्याने गाडी रिव्हर्सला टाकली. पप्पांनी पाणी मागितलं. बाटली त्या दोघांच्या मधे होती. नवऱ्याने ती उचलली नाही. माझ्या मुलीने मागून वाकून ती आजोबांना दिली आणि आरशात बापाकडे बघत राहिली.

पप्पा नगरला परत गेले. वृद्धाश्रमाला नवरा वेळेवर पैसे पाठवतो. फोन मी करते.

त्यानंतरच्या एका रात्री आम्ही जेवत होतो. नवऱ्याने मुलीला विचारलं, "भाजी वाढू?" तिने पोळीचा तुकडा मोडला. "बेटा, भाजी?" तिने तो शांतपणे चावला, जणू समोरच्या खुर्चीत कुणी नाहीच. आजोबांना विमानतळावर सोडून आल्यापासून ती त्याच्याशी बोललेली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"अगं, बाबा काहीतरी विचारतोय," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "व्हॉट, मम्मा? आय अ‍ॅम नॉट डुइंग एनिथिंग."

नवऱ्याच्या हातातला भाजीचा डाव हवेत तसाच राहिला. त्याचा चेहरा पाहून खरं सांगते, मला बरं वाटलं. पोरगी जेवत राहिली.