फ्रेमवाल्या चाचांचा मनोरा

फ्रेमवाले चाचा दुकानातल्या सगळ्या तसबिरींची काच फडक्याने पुसत. एका तसबिरीला मात्र पुसण्याआधी कान लावत.

दिग्रसच्या कापूसबाजाराजवळ त्यांचं दुकान, समोर आमचं घर. ती तसबीर होती स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या मनोऱ्याची. एका कापूस व्यापाऱ्याने तिथून आणलेला फोटो फ्रेम करायला दिला आणि भाव कोसळले तसा तो गाव सोडून गेला. त्याच्याकडून ऐकलेलं चाचा सगळ्यांना ऐकवत. मनोरा मूळचा मशिदीचा. राज्य बदललं तेव्हा ख्रिस्ती लोकांनी तो पाडला नाही, वर घंटा चढवल्या. आत पायऱ्यांऐवजी उतार. बांग देणारा म्हणे घोड्यावरून चढायचा. पुढे अमेरिकेतल्या शहरांनीही त्याची नक्कल उभारली.

"धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं," चाचा म्हणत, "अन् तरी जित्ता हाय."

मी उगाच हसायची.

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमधल्या बायकांनी तो कुठला तरी दूरचा दर्गा समजून झेंडू वाहायला सुरुवात केली. वर गिरजाघराच्या घंटा आहेत, असं चाचा प्रत्येकीला बजावत. तांड्यावरची एक बंजारा बाई शांतपणे म्हणाली, "खालचा तर आयकत असन ना, चाचा?" फुलं वाढतच गेली.

मग जिनिंग बंद पडली. तिथे कापसाच्या गाठी बांधणारा चाचांचा एकुलता एक मुलगा रफीक कामाच्या शोधात निघून गेला. कुठे, ते सांगितलं नाही. पुढे खबरही नाही. काही दिवसांनी चाचांनी मला मनोऱ्याच्या खालच्या खिडकीतला काळा ठिपका दाखवला. बुरशी असेल, मी म्हटलं. पावसाळा सरला तेव्हा ठिपका वरच्या खिडकीत होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खालची खिडकी स्वच्छ होती.

"रफीक चढून राह्यला," चाचा म्हणाले. "घंटीपाशी पोचला का त्याले घर दिसन. मंग येते तो."

मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली. पण त्यानंतर दुकानात शिरले की माझी नजर आधी त्या खिडक्यांवर जाई.

ठिपका घंटांच्या अगदी खालच्या खिडकीत पोचला होता, तेव्हा त्या कापूस व्यापाऱ्याचा मुलगा तसबीर न्यायला आला. देऊ नका, असं मी चाचांना बाजूला घेऊन विनवलं. पण दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी स्वतःच ती उतरवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. मनोऱ्याच्या खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवल्या. मुलगा घाईत होता. तो तसबीर गाडीच्या डिकीत पालथी टाकू लागला, तसा चाचांनी त्याचा हात धरला.

"पालथी ठेवू नोका, साहेब," ते हळूच म्हणाले. "माहा पोट्टा अंदर हाय."