निवृत्तांना केलेले फोन

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची. परळच्या कार्यालयात मी हिशेब बघतो, आणि गेली काही वर्षं ‘नॉलेज मॅनेजमेंट’ नावाचं कामही माझ्याकडे आहे. नाव मोठं असलं तरी गरज साधी होती. गिरगावपासून दादरपर्यंत जुन्या इमारतींत जाळीच्या दाराच्या लिफ्ट अजून चालतात आणि प्रत्येकीची काही ना काही खोड असते. ती खोड एखाद्याच मेकॅनिकला ठाऊक. तो निवृत्त झाला की नवी मुलं त्याला फोन करत बसायची. तो गावी गेलेला असला किंवा आजारी असला की लिफ्ट बंद, आणि म्हातारी माणसं जिने चढायची.

म्हणून ठरलं, की निवृत्तीला सहा महिने उरले की त्या माणसाने रोज एक तास माझ्यासमोर बसायचं, आपल्याकडच्या एकेका लिफ्टची खोड सांगायची आणि मी ती संगणकावर भरायची. योजना यशस्वी झाली की नाही हे मोजायचं कसं, तेही मीच सुचवलं. महिन्याच्या तक्त्यात एक रकाना घातला: निवृत्तांना केलेले फोन. तो शून्यावर आणायचा.

समोर बसणारे पहिले काका. आमचे सगळ्यात जुने सुपरवायझर. सगळी कंपनी त्यांना काकाच म्हणायची. आदल्या वर्षी त्यांची पत्नी गेली होती. मुलगा परदेशात. लालबागच्या चाळीत ते एकटे राहायचे.

“लिही. भायखळ्याची, मार्केटसमोरची. पाचव्या मजल्यावरचा माणूस दार आपटतो. लिफ्टला काही झालेलं नाही. त्याला समजवा.”

“काका, ‘समजवा’ असं कसं लिहू?”

“मग ‘नम्रपणे समजवा’ लिही. तुमच्या साहेबांना नम्रपणे आवडतं.”

तास संपला तरी ते उठायचे नाहीत. मीही घड्याळ दाखवायचो नाही.

शेवटच्या आठवड्यात शिवाजी पार्कजवळच्या एका इमारतीचा नंबर आला. काका म्हणाले, “काही विशेष नाही.” मी तसं भरलं. पण मला जुने आकडे ताडून बघायची सवय आहे. संध्याकाळी तक्रारी काढल्या, तर ही लिफ्ट दर दोन-तीन महिन्यांनी बंद पडायची, ती नेहमी सकाळीच. दुसरा कुणी गेला तर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून यायचा. काका जाऊन आले की मग दोन-तीन महिने तक्रार नसायची. दुसऱ्या दिवशी मी ते त्यांच्यापुढे ठेवलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. “सगळं काढून घेतलंस रे,” ते म्हणाले. “एक राहू दे. एवढ्या एकीसाठी तरी फोन येईल मला.”

“आणि मधेच कुणी अडकलं तर?”

त्यांनी चष्मा परत लावला. दुसऱ्या दिवशी उशिरा आले. शर्टाच्या बाहीवर चुन्याची पूड होती. म्हणाले, “शिवाजी पार्कला जाऊन आलो. आता कुणी अडकणार नाही.”

“काय केलंत?”

“ते विचारायला फोन कर ना!”

‘काही विशेष नाही’ ही नोंद मी बदलली नाही. त्या दिवसापासून ती खरीच होती.

काका निवृत्त झाले. पहिल्या महिन्यात रकान्यात दोन फोन होते, दोन्ही किल्ल्या कुठे आहेत हे विचारायला. पुढच्या महिन्यात शून्य. त्यानंतर शून्यच. बैठकीत साहेबांनी तो आकडा पडद्यावर दाखवला, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आकडा बरोबर होता, मी स्वतः तपासला होता.

अधूनमधून रविवारी मी लालबागला जायचो. काका चहा करायचे. मोबाइल टेबलावर घडी घातलेल्या रुमालावर ठेवलेला असायचा, कायम चार्ज केलेला.

“नव्या पोरांना जमतंय ना?”

“जमतंय.”

“आणि शिवाजी पार्कची?”

“चालू आहे.”

“चालणारच,” ते म्हणायचे. पण मग कपाकडे बघत राहायचे.

एकदा मी असताना फोन वाजला. काकांनी आधी चष्मा लावला, मग उचलला. कर्ज हवंय का, असं विचारणारी मुलगी होती. “नको गं बाई,” काका म्हणाले. “तुमच्या ऑफिसला लिफ्ट कुठली आहे? जाळीची की आपोआप मिटणारी?” पलीकडून फोन बंद झाला. काकांनी तो परत रुमालावर ठेवला.

दोनेक वर्षांनी ती शिवाजी पार्कची इमारत पुनर्विकासाला गेली. कराराची फाइल माझ्याकडेच बंद व्हायला आली. त्या रविवारी मी काकांना सांगितलं.

“लिफ्ट कुणी उतरवली?”

“भंगारवाल्याने.”

काकांनी मान हलवली. मग मी न विचारताच ते सांगायला लागले. “तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टच्या दाराला दुधाची पिशवी अडकवायच्या. वजनाने दार जरासं ओढलं जायचं, दाराचा विजेचा कॉन्टॅक्ट सुटायचा, लिफ्ट बंद. मेकॅनिक पोचेपर्यंत दूध घरात गेलेलं. त्याला काय सापडणार, कपाळ? मी सांगून आलो की दोन-तीन महिने लक्षात ठेवायच्या, मग परत तेच.”

“मग त्या दिवशी काय केलंत?”

“त्यांच्या दाराशेजारी भिंतीत हुक बसवला. पाच मिनिटांचं काम. इतकी वर्षं टाळलं होतं.” ते हसले. “चहा बरा करायच्या म्हातारबाई.” जरा वेळाने म्हणाले, “हुक बसवला नसता तर फोन आला असता बघ.”

सोमवारी मी ती नोंद उघडायला गेलो. करार संपला की नोंद कुलूपबंद होते. दुधाची पिशवी लिहायला जागा नव्हती. मी कार्यालयाच्या फोनवरून काकांना फोन लावला आणि गिरगावातल्या एका लिफ्टबद्दल विचारलं. ती गुरगुरते, काय करू?

“अरे, हे सांगितलंय मी! तेलाचं आहे. नोंद बघितलीस?”

“नाही.”

“मग आधी बघ ना! सहा महिने कशाला बसलो होतो तुझ्यासमोर?” ते खरोखर चिडले होते. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “उघड ती. वाच मला.”

मी वाचून दाखवलं. ते मधूनमधून ‘हं’ म्हणत होते.

“सगळं आहे की त्यात,” शेवटी म्हणाले. “मग मला विचारायची गरजच नाही.”

“नाही, काका.”

“बरं.” ते थांबले. मलाही दुसरा प्रश्न सुचेना. मग त्यांनीच फोन ठेवला.

महिनाअखेरीला त्या रकान्यात मी एक लिहिला. साहेबांनी लगेच बोलावलं. “कुठली माहिती मिळाली नाही?”

“सगळी होती.”

“मग हा कशाला धरलात?”

नियम मीच लिहिला होता: माहिती न मिळाल्यामुळे केलेलेच फोन मोजायचे. मी जागेवर आलो आणि एकाचं शून्य केलं.